फोन कोणी धरायचा?

आमच्या केरीच्या घरात मोबाईलला रेंज एकाच जागी येते. मागच्या दारी, कपडे धुवायच्या फातराच्या, म्हणजे दगडाच्या, उजव्या अंगाला, फणसाकडे तोंड करून उभं राहिलं की दोन काड्या दिसतात, आणि तिथून दोन पावलं घरात आलं की काही नाही. केरी म्हणजे समुद्रावरची नव्हे हां, ती पेडण्यात. आमची सत्तरीतली, अंजुणे धरणाजवळची, चोर्ला घाट चढायच्या आधीची. लग्न होऊन मी साखळीला, दादा दुबईला, बाबा नाहीत, आणि आई केरी सोडायला तयार नाही. तिला बावीस वर्षांपासून डायबेटिस, वर बीपी, वर गुडघे. म्हणून दर महिन्याला एकदा तिची ओपीडी भरते ती त्या फातरावर. प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीवर आई, आणि समोर मी हात ताणून फोन धरलेला. डॉक्टर म्हापशाला. पावसाळ्यात मी एका हातात छत्री आणि एका हातात फोन अशी उभी असते, आणि डॉक्टरांना मागे फणस हलताना दिसतो.

चार वर्षं हे असंच चाललंय. आणि या चार वर्षांत मला कळलेली एकच गोष्ट सांगायला हा लेख लिहितेय, बाकी सगळं इकडचं तिकडचं. टेलिमेडिसिन, म्हणजे फोनवरून डॉक्टरी, म्हटलं की चित्र काय काढतात? एका चौकोनात डॉक्टर, दुसऱ्या चौकोनात पेशंट, मधे वायफायची खूण. त्यात तिसरं माणूसच नसतं. फोन धरणारं.

सुरुवात सगळ्यांची झाली तशीच आमची, कोरोनात. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि गंमत म्हणजे त्याच तारखेला सरकारने टेलिमेडिसिनचे नियमही काढले. तोपर्यंत फोनवर औषध सांगणं हे डॉक्टर लोक करायचेच, पण कायद्यात ते नक्की कुठे बसतं हे कोणालाच धड माहीत नव्हतं, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार ही भीती. त्या नियमांनी एकदाचं सांगितलं की व्हिडिओवर, फोनवर, अगदी मेसेजवरसुद्धा तपासता येईल, प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाहिजे, काही औषधं पहिल्यांदा द्यायची तर व्हिडिओवर पेशंट बघितलाच पाहिजे, आणि नशेच्या वर्गातली औषधं फोनवरून द्यायचीच नाहीत. मी ते सगळं नंतर एकदा निवांत वाचलं. आणि वाचताना एका जागी थांबले, कारण त्यात 'केअरगिव्हर' म्हणून वेगळा भाग आहे. पेशंटच्या वतीने बोलणारं माणूस. कधी चालेल, कधी नाही, काय परवानगी पाहिजे, सगळं लिहिलंय. म्हटलं चला, सरकारी कागदात तरी आपण आहोत.

आईला हे केअरगिव्हर वगैरे सांगून उपयोग नाही. तिच्या लेखी मी फोन धरते, बस्स. शिवाय नीट धरत नाही.

पहिल्या कॉलला आई नवी साडी नेसून बसली होती. "दोतोराक दिसतलें मगो," म्हणाली. केस विंचरलेले, कुंकू ताजं, आणि पावलं मात्र साडीखाली झाकलेली, जी डॉक्टरांना खरी बघायची होती. दवाखान्यात जायचं तर ती अशीच तयार व्हायची, त्यामुळे चूक तिची नाही. पण दवाखान्यात माणूस जसं जातं तसं ते डॉक्टरला दिसतं, आणि फोनवर मात्र सगळं घर दिसतं. तिसऱ्या की चौथ्या कॉलला डॉक्टरांनी विचारलं, भात किती खाता? आई म्हणाली थोडोच, एक वाटी. आणि तिच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून चुलीवरचं मडकं स्पष्ट दिसत होतं, सकाळच्या पेजेचं, पाच माणसांना पुरेल एवढं. डॉक्टर म्हणाले, आजी ते मागे काय आहे? आई शांतपणे म्हणाली, "ती पेज. पेज म्हळ्यार शीत न्हय."

आता उकड्या तांदळाची पेज म्हणजे भात नव्हे यावर सत्तरीत कोणाचं दुमत नाही, अकरा वाजता पेज घेतली नाही तर दिवस सुरूच होत नाही, तेव्हा डॉक्टर तरी काय बोलणार, ते हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी पेजेचा हिशेब वेगळा विचारायला सुरुवात केली. किती डाव? सोबत काय? निवळ जास्त की शितं जास्त? दवाखान्यात दोन वर्षं जाऊन जे बाहेर आलं नव्हतं ते एका उघड्या दारातून आलं. आयसीएमआरची देशभरची डायबेटिसची पाहणी २०२३ मध्ये छापून आली, त्यात देशाचा आकडा ११.४ टक्के आणि गोव्याचा २६.४, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. पेपरात वाचलं तेव्हा मला ते मडकंच आठवलं. (पेज एकटी दोषी नाही हो. गणेशचवथीच्या नेवऱ्या, पोदेराचे पाव, आणि घरातून बस स्टॉपपर्यंतसुद्धा स्कूटर, हे सगळे आरोपी आहेत.)

माझ्या लहानपणी एक डॉक्टर मोटारसायकलवरून वाड्यावर यायचे. ते सोप्यावर बसायचे, पाणी प्यायचे, आजीची नाडी धरून बाबांशी पिकापाण्याचं बोलायचे आणि उठता उठता म्हणायचे, त्या न्हाणीच्या पायरीवर शेवाळ आलंय, म्हातारी पडेल. मग डॉक्टर घरी यायचे बंद झाले, आपण त्यांच्याकडे जायला लागलो, टोकन घेऊन. आणि चाळीस वर्षांनी ते परत घरात आले ते असे, सहा इंचाच्या काचेतून. परवा म्हापशाच्या डॉक्टरांनीच मला सांगितलं, मागच्या दारी तो बल्ब वाढवा, आजींना रात्री पायरी दिसत नसेल. म्हणजे न्हाणीची पायरी परत आली.

पण मोटारसायकलवाले डॉक्टर स्वतःचा हात घेऊन यायचे. हे माझा हात वापरतात.

"पायावर सूज आहे का?" असं विचारतात तेव्हा मला आधी कळायचंच नाही, आईचे पाय मला कायम सुजल्यासारखेच दिसतात. मग त्यांनी शिकवलं. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा टेकवा. दाबा. पाच सेकंद तसाच ठेवा. आता काढा. खळगा राहिला का? राहिला. किती? कॅमेरा जवळ न्या. इतका जवळ नको, धूसर होतंय. बाजूने उजेड घ्या, समोरून नको, समोरून घेतला तर खळग्याची सावली पडत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला, कारण हे पुस्तकात नसणार, हे त्यांना माझ्यासारख्या पंचवीस-तीस लेकी-सुनांचे हलणारे फोन बघून कळलं असणार.

बीपीचं तर विचारूच नका. मशीन घरात आहे. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, हात काळजाच्या उंचीला टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, चोळीवरून नाही. आणि बोलायचं नाही. आई या सगळ्यातलं बोलायचं नाही सोडून बाकी सगळं करते. पट्टा फुगायला लागला की तिला नेमकं शेजारच्यांनी नारळ कोणाला दिले ते आठवतं, आणि मग आकडा येतो १६८ आणि दादाचा दुबईहून घाबरून मेसेज येतो, कारण तोही कॉलवर असतो, चौथा माणूस, ज्याला काही करता येत नाही आणि ज्याला सगळ्यात जास्त प्रश्न असतात.

आणि बोटांची परीक्षा. ही मला सगळ्यात आवडते आणि हिचीच भीती वाटते. डायबेटिसने पायाची जाणीव जाते, खिळा रुतला तरी कळत नाही, म्हणून ती जाणीव आहे की नाही हे बघायची एक सोपी पद्धत इंग्लंडमधल्या इप्स्विच गावच्या डॉक्टरांनी काढली. तिला हत्यार काही लागत नाही, घरच्या माणसाचं एक बोट लागतं. आईने डोळे मिटायचे. मी तिच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला माझ्या तर्जनीने अलगद स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि तिला जाणवलं नाही तर पुन्हा करून बघायचं नाही. दोन्ही पावलांचे मिळून सहा स्पर्श. दोन किंवा जास्त चुकले तर जाणीव कमी झालीय समजायचं. पहिल्या वेळी आईने सहापैकी चारदा "हां" म्हटलं. त्यातला एक "हां" मी हात लावायच्या आधीच आला होता.

डॉक्टरांना तो आधीचा "हां" दिसला नाही. तेव्हा कॅमेरा पावलावर होता आणि आवाज अडखळत येत होता. मी सांगितलं म्हणून त्यांना कळलं. म्हणजे तपासणी माझी झाली, निदान त्यांचं.

हे काही आजचं नाही, हे मी नंतर शोधून वाचलं आणि वाचत गेले तसतशी मजा वाटायला लागली. १९०५ साली हॉलंडमध्ये लायडनला आइंटहोवन म्हणून शास्त्रज्ञ होते, ईसीजी ज्यांनी दिला ते. त्यांचं मशीन म्हणजे अडीचशे किलोच्या वरचं धूड, चालवायला पाच माणसं, ते इस्पितळात नेणार कोण? मग त्यांनी पेशंट इस्पितळातच ठेवला आणि दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेतून त्याच्या हृदयाचे ठोके आणले. इस्पितळात पेशंटचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवलेले. तारेच्या या टोकाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्यांना पुढे नोबेल मिळालं. पण त्या टोकाला भांड्यात मिठाचं पाणी ओतणारं, हात हलवू नको बाबा म्हणणारं कोणीतरी असणारच ना?

ऑस्ट्रेलियातली गोष्ट तर झोप उडवणारी आहे. १९१७. हॉल्स क्रीक नावाचं माळरानातलं खेडं, डॉक्टर नाही, आहे फक्त तारघर. जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला, पोटात मार, मित्रांनी त्याला उचलून त्या खेड्यात आणला. तिथला पोस्टमास्तर टकेट, त्याला प्रथमोपचार तेवढे येत. त्याने दोन हजार किलोमीटरवर पर्थला, ज्या डॉक्टरांकडे तो प्रथमोपचार शिकला होता त्या डॉक्टर हॉलंडना तार केली. लक्षणं तारेने गेली, उत्तर तारेने आलं: मूत्राशय फाटलंय, ऑपरेशन करावं लागेल, आणि ते तुम्हालाच करावं लागेल. पोस्टमास्तरने खिशातला चाकू घेतला, जंतुनाशक म्हणून पोटॅशियम परमँगनेट, आणि कट्ट-कड-कट्ट करत येणाऱ्या एकेका ओळीप्रमाणे त्या माणसाचं पोट कापलं. भूल नव्हती. मग डॉक्टर स्वतः निघाले, गुरांच्या बोटीतून, मोटारीतून, घोडागाडीतून, किती दिवसांनी पोचले तर डार्सी आदल्याच दिवशी गेला होता. ऑपरेशनने नाही, ते व्यवस्थित झालं होतं. त्याला मलेरिया होता, तो कोणाच्या लक्षातच आला नव्हता. कारण तारेवरून विचारलं तेवढंच कळतं.

त्या मरणावरून पेपरांत एवढी चर्चा झाली की पुढे १९२८ मध्ये तिथे विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली, ती अजून आहे. सगळे विमानाची गोष्ट सांगतात. मी मात्र पोस्टमास्तरवर अडकले. त्याला रात्री झोप लागली असेल का नंतर?

आपल्या गोव्याला हे परकं वाटायचं कारण नाही. इथे दर चार घरांआड कोणीतरी बोटीवर आहे. मालवाहू जहाजावर वीस-बावीस माणसं, डॉक्टर नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने शंभर किंवा जास्त माणसं असली आणि तीन दिवसांपेक्षा लांबचा प्रवास असला तरच डॉक्टर सक्तीचा. मग मधल्या समुद्रात कोणाचं पोट दुखलं तर? १९३५ पासून रोममध्ये एक केंद्र आहे, कुठल्याही देशाच्या जहाजाला रेडिओवरून फुकट वैद्यकीय सल्ला देणारं. गुइदो गुइदा नावाच्या डॉक्टरांनी ते काढलं आणि रेडिओवाला मार्कोनी त्याचा पहिला अध्यक्ष होता. माझ्या मैत्रिणीचा नवरा सेकंड ऑफिसर, जहाजावरचं औषधांचं कपाट त्याच्या ताब्यात. तो सांगत होता, एका खलाशाच्या तळहाताला दोरखंडाने चीर पडली, सॅटेलाईट फोनवर डॉक्टर आणि याच्या हातात सुई. कोर्समध्ये टाके घालायला शिकवलेलं, पण तिथे जहाज हलत नव्हतं आणि समोरचा माणूस बघत नव्हता. सात टाके घातले म्हणाला, आणि मग बाहेर जाऊन ओकलो. खलाशी ठीक होता, त्याने नंतर चहा आणून दिला.

आणि अगदी घरचं उदाहरण म्हणजे आमच्या वाड्यावरचे एक काका. पहाटे छातीत दुखायला लागलं, गॅस म्हणून सोडा प्याले, घाम फुटला तेव्हा मुलाने स्कूटरवर मागे बसवून आरोग्य केंद्रात नेलं (असं करू नये, १०८ बोलवावी, पण त्या वेळी सुचतं कोणाला). गोव्यात हार्ट अॅटॅकसाठी 'स्टेमी' म्हणून सरकारी प्रकल्प आहे, गावच्या केंद्रात ईसीजी काढायचा, तो लगेच ऑनलाईन जातो, बांबोळीला गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो आणि गुठळी विरघळवायचं महागडं इंजेक्शन तिथेच, फुकटात. पूर्वी हेच काका आधी बांबोळी गाठायला निघाले असते आणि केरीहून बांबोळी म्हणजे रिकामा रस्ता मिळाला तरी तासाच्या वर, तेवढ्यात काळजाचा किती स्नायू मरतो याचा हिशेब नको. काका वाचले. आता मंगळवारी देवळात आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

पण मुलाने जे सांगितलं ते मला जास्त लक्षात राहिलंय. काकांच्या छातीवर केस, त्यात घाम, ईसीजीच्या चकत्या चिकटेनात. तिथल्या नर्सबाईंनी ब्लेड घेतलं, कोरडंच, खर्र खर्र तेवढ्या तेवढ्या जागा भादरल्या, पदरासारखा टॉवेल ओढून घाम टिपला, बरगड्या बोटाने मोजत चकत्या लावल्या, एक दोन तीन चार. एक जरी बरगडी वर-खाली झाली तर आलेख वेगळा दिसतो. बांबोळीला गेला तो आलेख. बाईंचं बोट गेलं नाही.

आता ई-संजीवनी म्हणून केंद्र सरकारची टेलिमेडिसिन सेवा आहे, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली, घरबसल्या डॉक्टरचा भाग एप्रिल २०२० मध्ये. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दहा कोटींचा आकडा ओलांडला. दहा कोटी! पण यातले बहुतेक सल्ले लोकांनी घरून आपल्या फोनवरून घेतलेले नाहीत, तर गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन, तिथल्या कर्मचाऱ्याने समोर बसून लावून दिलेले. म्हणजे परत तेच.

तिसऱ्या माणसाचा एक तोटाही आहे, तो सांगितला नाही तर खोटं होईल. तिसरं माणूस ऐकतं.

आई मधे काही महिने डॉक्टरांशी बोलताना जरा घुटमळायची. सगळं संपलं, ठेवूया का म्हटलं की "राव मगो", थांब गं, म्हणायची आणि मग काहीच नाही. एकदा तर स्पष्ट म्हणाली, "तूं मात्शें भायर वच गो." मी हसले, म्हटलं आई आपण बाहेरच आहोत, आणि मी गेले तर फोन कोण धरणार? तिला फोन स्वतः धरता येत नाही, हात थरथरतो, आणि बोट लागून कॉल कट होतो. विषय तिथेच राहिला. पुढे दोन महिन्यांनी सबसेंटरच्या नर्सबाई बीपी बघायला घरी आल्या होत्या, मी नव्हते, तेव्हा आईने त्यांना सांगितलं. खोकलं की लघवी होते, उठेपर्यंत धीर धरवत नाही. वर्षभर. म्हणून लग्नाला जात नव्हती, म्हणून देवळात मागे बसत होती आणि मी आपली गुडघ्यांना दोष देत होते.

औषधाचं आणि व्यायामाचं पुढे झालं सगळं, फरकही पडला. पण लेकीसमोर सांगवेना आणि लेकीशिवाय फोन चालेना, यावर नियमाच्या कुठल्या कलमात उपाय असेल? आता मी एक स्टँड आणलाय, ऑनलाईन साडेतीनशेचा, तो फातरावर उभा करते, फोन लावून देते आणि पाच मिनिटं विहिरीकडे जाते. वारा आला की स्टँड पडतो.

बरं. आता ते सांगते जे सांगायचं टाळत होते.

गेल्या वर्षीचा जुलै. पाऊस असा की अंगणातून माडाकडे बघितलं तर माड दिसत नव्हता. मी पतसंस्थेत काम करते, जेवणाच्या सुट्टीत स्कूटर मारत केरीला आले होते, पोचेपर्यंत निम्मी सुट्टी गेलेली, कॉल लागायला दहा मिनिटं गेली, फोनची बॅटरी नऊ टक्के. शुगर सांगितली, बीपी सांगितलं, पावलं दाखवली, वरून, खालून. चित्र तुटत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "बोटांच्या बेचक्या बघितल्यात?"

मी म्हटलं, "हो बघितल्या, स्वच्छ आहेत."

बघितल्या नव्हत्या. तळवा बघितला होता, टाच बघितली होती. बेचक्या बघायच्या तर खाली बसावं लागतं, एकेक बोट उघडावं लागतं, आईच्या बोटांना वाकडेपणा आलाय, वेळ लागतो, छत्री बाजूला ठेवावी लागते. मला दोन वाजता खुर्चीत असायला हवं होतं. आणि मागच्या महिन्यात स्वच्छ होत्या की. डॉक्टर म्हणाले छान, पावसात पाय कोरडे ठेवा. कॉल संपला.

अकरा दिवसांनी रविवारी गेले तर सोप्यावरच वास आला. कसला ते पहिल्यांदा कळलं नाही, वाटलं उंदीर मेला असेल कुठेतरी. आई म्हणाली, काही नाही गं, चिखल्या झाल्यात, हळद आणि खोबरेल लावतेय. मी खाली बसले. उजव्या पायाचं चौथं बोट आणि करंगळी यांच्या मधे कातडी पांढरी फुगलेली, आणि ती उघडल्यावर आत चीर. खोल. हळद चिकटलेली. पाऊल घोट्यापर्यंत लाल आणि माझ्या हाताला गरम. तिला दुखत नव्हतं. तेच तर.

त्याच दिवशी सरकारी इस्पितळात नेलं, इंजेक्शनं, मग दीड महिना ड्रेसिंग, एक दिवसाआड. बोट राहिलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम साफ करताना विचारलं, किती दिवसांची? आई म्हणाली पंधरा-वीस दिवस झाले असतील. मी मनात तारखा मोजल्या आणि गप्प बसले.

म्हापशाच्या डॉक्टरांना मी ते सांगितलं, पण सप्टेंबरात, चवथ झाल्यावर. आईला विहिरीकडे पाठवता येत नाही म्हणून मीच गेले विहिरीकडे, तिथे रेंज नाही, मग परत आले आणि चक्क लिहून पाठवलं, तेव्हा बेचक्या बघितल्या नव्हत्या, खोटं बोलले. निळ्या खुणा झाल्या, म्हणजे वाचलं. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं: मला अंदाज होता. पुढच्या वेळी बघेपर्यंत मी थांबेन.

वासाचं काही करता येणार नाही. कॅमेरा कितीही चांगला घ्या, तो वास म्हापशाला गेला नसता, आणि गेला असता तरी त्या कॉलला तो वास नव्हता, तेव्हा नुसती ओली कातडी असेल, आणि ती बघायला कॅमेरा नाही, गुडघे टेकायला लागतात. आईला हे अजून माहीत नाही. तिचं मत पक्कं आहे की चिखल्या हळदीनेच बऱ्या झाल्या, इंजेक्शनांनी उगाच पैसा गेला, जो मुळात गेलाच नव्हता.

आता कॉल रविवारी घेते. डॉक्टर रविवारी बसत नाहीत खरं तर, पण अकरा वाजता, पेजेच्या वेळेला, पंधरा मिनिटं देतात. शुगर होते, बीपी होतं, नारळांची बातमी होते. मग ते विचारतात, बेचक्या?

"थांबा हं," म्हणते आणि फोन खाली ठेवते, आकाशाकडे तोंड करून. मग टॉर्च दातात धरून बसते फातराशेजारी. डावा पाय आधी. अंगठा आणि दुसरं, उघडून. दुसरं आणि तिसरं. फडक्याने टिपून. उजव्याचं चौथं आणि करंगळी सगळ्यात शेवटी, तिथे आता गुळगुळीत पांढरा व्रण आहे, त्यावरून बोट फिरवते. आई वरून म्हणते, गुदगुल्या होतात गो, आणि मी मनात म्हणते होऊ देत. तोपर्यंत म्हापशाला डॉक्टर आमच्या मागच्या दाराच्या वळचणीची कौलं बघत बसलेले असतात. गेल्या रविवारी म्हणाले, तिसऱ्या रांगेतलं एक सरकलंय, पावसाआधी बसवून घ्या.